प्राणायामाची उलटतपासणी

प्राणायामानें रक्तांत अधिक प्राणवायु भरतो व म्हणून सर्व रोग हटतात, हें विधान आमच्या देशांत इतक्या ठामपणें केलें जातें कीं, त्यास पुरावा मागणें म्हणजे जणूं स्वदेशद्रोहच! आमचें मत याच्या अगदीं उलट आहे. २०१४ सालीं संयुक्त राष्ट्रसंघानें २१ जून हा योगदिन म्हणून मान्य केला. जगानें जिला असा मान दिला, त्या विद्येनें साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत उभें राहण्यास कां कचरावें?

आणि ती कचरली नाहीं, हीच अभिमानाची गोष्ट आहे. १९२४ सालीं लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून स्वामी कुवलयानंदांनीं योगक्रिया प्रयोगशाळेंत आणिल्या आणि प्राणायामाचें महत्त्व अधिक प्राणवायु मिळण्यांत नसून मज्जासंस्थेवरील त्याच्या परिणामांत आहे, असें स्वतःच प्रतिपादिलें. त्यांचें म्हणणें शरीरशास्त्राशीं जुळतें. निरोगी माणसाच्या रक्तांतील रक्तरंजक द्रव्य स्वस्थ बसलें असतांही शेंकडा ९५ हून अधिक प्राणवायूनें भरलेलें असतें. भरल्या घागरींत आणखी पाणी किती ओतणार?

मग लाभ कोठें आहे? दर श्वासांतील सुमारें १५० घनसेंटिमीटर हवा नाक व श्वासनलिका यांतच अडकून वायां जाते. मिनिटास २५० घनसेंटिमीटरचे २४ उथळ श्वास घेणाऱ्याच्या फुप्फुसांतील वायुकोशांस २,४०० घनसेंटिमीटर हवा पोंचते. १,००० चे ६ दीर्घ श्वास घेणाऱ्याच्या वायुकोशांस ५,१०० पोंचते. आंत घेतलेली एकूण हवा मात्र दोघांची सारखीच, ६,०००! म्हणजे येथें काटकसर आहे, चमत्कार नाहीं. शिवाय अभ्यासानें श्वासाच्या स्नायूंवर ताबा येतो, आणि ध्यानानें चित्त स्थिर झालें म्हणजे श्वासाची गतिही मंदावते.

"पण दमेकऱ्याचें काय?" असें कोणी विचारील. दम्यांत श्वासनलिका सुजतात व आकसतात. कॉक्रेन संस्थेनें २०१६ सालीं १५ चांचण्या व १,०४८ रोगी यांचा पुरावा एकत्र तपासला. योगानें रोग्याचें जीवनमान व लक्षणें यांत थोडी सुधारणा बहुधा होते, असा त्याचा निष्कर्ष निघाला. फुप्फुसांच्या कार्यशक्तीविषयीं मात्र निश्चित कांहीं सांगतां येईना. या पुराव्यावर निवाडा द्यावयाचा तर तो असा: योग हा औषधाचा जोडीदार होऊं शकेल, वारसदार नव्हे. सूज उतरविणारें जें औषध श्वासावाटे घेतलें जातें, तें कोणाच्या व्याख्यानावर विसंबून सोडणें म्हणजे जीव धोक्यांत घालणें होय.

म्हणून आमची मागणी साधी आहे. योगवर्ग चालविणाऱ्या प्रत्येकानें पहिल्याच दिवशीं, "वैद्याच्या सल्ल्यावांचून औषध बंद करूं नका," असें स्पष्ट बजावावें; आणि रोगमुक्तीचें वचन देणाऱ्यानें आंकडे पुढें ठेवावेत. लोणावळ्यास शंभर वर्षांपूर्वीं जी कसोटी आपण होऊन स्वीकारली गेली, ती टाळण्याचा अधिकार आज कोणासही नाहीं.