विश्लेषण : मोबाइलवर आलेल्या बिलावर सही नाही; ते ग्राह्य धरायचे का?

सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोटसारख्या (ता. तुळजापूर) गावातही आता दुकानदाराला मालाचे बिल अनेकदा व्हॉट्सॲपवरच मिळते. त्यावर सही-शिक्का नसतो. मग भरलेल्या जीएसटीचे इनपुट टॅक्स क्रेडिट मिळणार की बुडणार? नियम काय सांगतात?

सहीशिवाय बिल चालते का?
केंद्रीय जीएसटी नियम ४६ नुसार बिलावर पुरवठादाराची किंवा त्याच्या अधिकृत प्रतिनिधीची सही अथवा डिजिटल सही लागते. मात्र ३१ डिसेंबर २०१८ च्या अधिसूचनेने यात सवलत दिली. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० ला अनुसरून काढलेल्या इलेक्ट्रॉनिक बिलावर सही बंधनकारक नाही. हाताने फाडलेल्या पावतीपुस्तकातील बिलाला ही सवलत नाही.

सहीचा फोटो म्हणजे डिजिटल सही का?
नाही. डिजिटल सहीसाठी परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र लागते. सही केल्यानंतर फाइलमध्ये एक आकडा जरी बदलला, तरी पडताळणीत ते उघड होते. आधारवर आधारित ई-साइनलाही मान्यता आहे. कायद्याच्या कलम ५ नुसार अशा सहीचा दर्जा हाताच्या सहीइतकाच. स्कॅन केलेले चित्र मात्र कोणत्याही बिलावर चिकटवता येते.

ई-इन्व्हॉइस वेगळे कसे?
पीडीएफ बिल म्हणजे ई-इन्व्हॉइस नव्हे. २०१७-१८ पासून कोणत्याही वर्षी ५ कोटींपेक्षा जास्त उलाढाल झालेल्या पुरवठादाराला १ ऑगस्ट २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्याला दिलेले बिल सरकारमान्य पोर्टलवर नोंदवावे लागते. बँका, मालवाहतूक संस्था अशा काही क्षेत्रांना सूट आहे. नोंदणीनंतर ६४ अक्षरी क्रमांक (आयआरएन) आणि क्यूआर कोड मिळतो. त्यावरील डिजिटल सही पोर्टलची असते, विक्रेत्याची नव्हे. हा क्रमांक बंधनकारक असूनही नसेल, तर नियम ४८(५) नुसार ते बिलच मानले जात नाही. फटका खरेदीदाराच्या क्रेडिटला बसू शकतो.

दुकानदाराने काय तपासावे?
- जीएसटी क्रमांक, बिल क्रमांक, तारीख आणि कराची रक्कम.
- पुरवठादार मोठा असल्यास आयआरएन व क्यूआर कोड.
- बिल ‘जीएसटीआर-२बी’मध्ये दिसते का. १ जानेवारी २०२२ पासून क्रेडिटसाठी ही मुख्य अट आहे.
- मूळ फाइल जपावी. स्क्रीनशॉट किंवा प्रिंटवरून डिजिटल सही तपासता येत नाही.

थोडक्यात, सही नाही म्हणून बिल परत पाठवण्याची घाई नको. पण सही दिसते म्हणून निर्धास्तही राहू नये.