होल्याची मान बघा

मारुती चितमपल्ली गेल्यानंतरचा पहिला पक्षी सप्ताह २०२५मध्ये झाला. ५ नोव्हेंबर हा त्यांचा जन्मदिवस, १२ तारखेला सलीम अलींचा. या आठवड्यात नांदेडचे हौशी निरीक्षक विष्णुपुरीच्या जलाशयाकडे निघतात. जरूर जावं. पण गाडी काढण्याआधी दारासमोरच्या विजेच्या तारेवर एक नजर टाका. तिथं होला बसलेला असतो आणि आपण त्याला सर्रास कबुतर म्हणून मोकळे होतो.

आडत बाजारात थव्यानं उतरतो तो पारवा. होला त्याहून सडपातळ, लांब शेपटीचा, बहुधा जोडीनं फिरणारा. तो कोणता, हे मान सांगते. मागच्या बाजूला काळी अर्धी कडी आणि अंग फिकट राखी असेल, तर पठाणी होला. कडी नाही, पण गळ्यावर पुढून तांबूस-काळी नक्षी आहे, तर तपकिरी होला. गॅलरीतल्या कुंडीत अंडी घालतो तो बहुतेक हाच. काळ्या मानेवर पांढरे ठिपके असले, तर ठिपकेदार. लोटन होल्याचा नर विटकरी रंगाचा असतो. त्याची मादी मात्र पठाणीसारखी दिसून फसवते. तिथं लहान चण बघावी.

मला अप्रूप पठाणीचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात तो बाल्कनपलीकडे नव्हता. तिथून सरकत सरकत त्यानं १९५५मध्ये इंग्लंडात घरटं केलं. ज्याच्या येण्याची तिकडं नोंद झाली, तो आपल्या कडुलिंबावर पिढ्यानपिढ्या घुमतोय: कु-कूऽऽ-कू, मधल्या सुरावर जोर देत. तपकिरीचं घुमणं दबक्या हसण्यासारखं.

चार काड्यांचं घरटं बघून लोक होल्याला आळशी ठरवतात. मला हे अजिबात पटत नाही. दोन अंडी नर-मादी आळीपाळीनं उबवतात. पिलं निघाली की दोघांच्याही गळ्यातल्या पिशवीत दुधासारखा दाट स्राव तयार होतो आणि तोच पिलांचा पहिला आहार. नरही दूध पाजतो, असे पक्षी जगात फार थोडे.

खाणं कोरड्या दाण्यांचं, त्यामुळे पाणी रोज लागतं. चिमणी घोट घेऊन मान वर करते. होला चोच बुडवून सलग ओढतो. २०१६मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलेल्या लातुरात उन्हाळ्याचं वेगळं सांगायला नको. गच्चीवर मातीचं परळ ठेवा, पण उथळ. काठावर बसून त्याची चोच पाण्याला टेकली पाहिजे.