पिशवीची भीती आणि विषाणूचा पुरावा

2019 च्या उन्हाळ्यात बीड जिल्ह्याचे नाव देशभर गाजले ते ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या काढलेल्या पिशव्यांमुळे. तीन वर्षांत जिल्ह्यातल्या 99 खासगी रुग्णालयांत 4,605 गर्भाशये काढली गेल्याची माहिती त्या जूनमध्ये आरोग्यमंत्र्यांनी विधिमंडळात दिली. पुढे आमदार नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेला आकडा त्याहून मोठा होता: पाहणी झालेल्या 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली होती. दर सहाजणींत एक. देशात प्रजननवयातल्या स्त्रियांमध्ये हे प्रमाण तेव्हा तीन टक्क्यांच्या आसपास होते. मुकादमाची उचल, खाड्याचा दंड, फडावर पाणी नाही की आडोसा नाही, यांवर तेव्हा भरपूर लिहिले गेले आणि ते रास्तच होते. पण या बायकांनी सांगितलेले एक कारण मात्र त्या चर्चेत मागे पडले. अंगावरून पांढरे जाते, कंबर धरते म्हणून त्या दवाखान्यात गेल्या आणि तिथे कित्येकींना ऐकायला मिळाले, की पिशवी काढा, नाहीतर कॅन्सर होईल. हे वाक्य खरे की खोटे हे ठरवण्याचे साधन त्या वेळी उपलब्ध होते. त्याचा पुरावा दहा वर्षांपूर्वीच शेजारच्या जिल्ह्यातल्या बायकांनी स्वतःच्या शरीरावर दिला होता. त्यांच्यामुळे मिळालेले ज्ञान त्यांच्यासारख्याच बायकांपर्यंत पोचवले गेले नाही, हा माझ्या मते या साऱ्या कहाणीतला सर्वांत मोठा दोष आहे.

या ज्ञानाचा मागोवा सोलापूर जिल्ह्यातल्या बार्शीपासून घ्यावा लागतो. 1987 मध्ये तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शीबरोबर परांडा आणि भूम हे तालुकेही तिच्या कक्षेत होते. गावोगाव फिरून रुग्ण शोधताना दिसले, की या भागातल्या बायकांना सर्वाधिक ग्रासणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा आहे आणि त्या येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो. या पायावर 1999 मध्ये तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक प्रचंड चाचणी उभी राहिली. बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय, मुंबईचे टाटा रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कर्करोग संशोधन संस्था यांनी ती मिळून केली. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांची, गावांच्या 52 समूहांतून, चार गटांत विभागणी झाली. एका गटात या कर्करोगाला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूचा डीएनए तपासला, दुसऱ्यात पेशींची पॅप तपासणी केली, तिसऱ्यात ॲसेटिक ॲसिड लावून गर्भाशयमुख नुसत्या डोळ्यांनी पाहिले आणि चौथ्यात नेहमीचीच व्यवस्था ठेवली. 2009 च्या एप्रिलमध्ये निष्कर्ष छापून आले. चौथ्या गटात या कर्करोगाने 64 जणी दगावल्या होत्या. डीएनए तपासलेला गट थोडा मोठा असूनही तिथे 34 मृत्यू झाले. आयुष्यात एकदाच केलेल्या तपासणीने मृत्यू निम्म्यावर आले होते. इतर दोन पद्धतींनी तिथे लक्षणीय फरक पडला नाही.

पण बीडच्या दृष्टीने याहून मोलाचा आकडा त्याच शोधनिबंधात आहे आणि त्याकडे क्वचितच कोणाचे लक्ष जाते. डीएनए तपासणीत विषाणू सापडला नाही अशा स्त्रियांमध्ये पुढच्या काळात हा कर्करोग वर्षाला लाखात 3.7 इतक्याच प्रमाणात झाला. पॅप तपासणीत निर्दोष ठरलेल्यांत हे प्रमाण 15.5 होते आणि डोळ्यांनी पाहून निर्दोष ठरवलेल्यांत 16. म्हणजे या तपासणीचे ‘नाही’ हे उत्तर सर्वांत भरवशाचे आहे. त्यामागचे कारण विषाणूच्या जीवशास्त्रात आहे. तुलनेसाठी दुसरे विषाणू पाहा: आपल्या जनुकसंचाचा सुमारे आठ टक्के भाग म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी पूर्वजांच्या शरीरात शिरलेल्या विषाणूंचे अवशेष आहेत. बहुतेक पेशींत ते निपचित असतात, काही गाठींत मात्र पुन्हा जागे झालेले दिसतात. त्यांचा कर्करोगातला वाटा शोधण्याचे काम आज जगभर चालू आहे. पण ते प्रत्येकाच्याच शरीरात असल्याने नुसत्या असण्यावरून कोणाला धोका आहे हे कळत नाही. एचपीव्हीचे तसे नाही. हा विषाणूही प्राचीन आहे, माणूस माणूस होण्याआधीपासून त्याचे पूर्वज प्राण्यांच्या कातडीवर नांदत आले आहेत. पण तो बाहेरून येतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत निघूनही जातो. ज्या थोड्या जणींत तो ठाण मांडतो, तिथे त्याची ई-6 आणि ई-7 ही दोन प्रथिने पेशीच्या बेसुमार वाढीला आवर घालणारी पी-53 आणि आरबी ही प्रथिने निकामी करतात. यातून कर्करोग व्हायला सहसा दहा-वीस वर्षे लागतात. जर्मन संशोधक हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 मध्ये गर्भाशयमुखाच्या गाठींत एचपीव्ही-16 शोधला आणि 2008 मध्ये त्यांना नोबेल मिळाले. गर्भाशयमुखाचे जवळपास सगळे कर्करोग या विषाणूच्या कुळातूनच येतात, म्हणून तो नसणे ही मोठी ग्वाही ठरते.

ही ग्वाही बीडच्या दवाखान्यात पस्तिशीतल्या बाईच्या हातात असती, तर ‘कॅन्सर होईल’ या वाक्याचा निम्मा धाक तिथेच गळून पडला असता. धाकाला आकड्यांचाही आधार नव्हता. 2020 च्या राष्ट्रीय कर्करोग नोंदणी अहवालात देशातल्या सगळ्या नोंदणी केंद्रांत कर्करोगाचे एकूण प्रमाण सर्वांत कमी उस्मानाबाद-बीडचे निघाले: स्त्रियांत लाखामागे 49.4. काही रुग्ण निदानाविना राहिले असतील हे धरूनही, दर सहाव्या बाईची पिशवी काढावी असे त्यात काहीच नव्हते. कोणी म्हणेल, एचपीव्ही तपासणी गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाबद्दल काही सांगत नाही. खरे आहे. पण तो बहुतांशी पाळी गेल्यानंतरचा आजार आहे, आणि त्याच्या संशयासाठीही आधी सोनोग्राफी आणि अस्तराचा तुकडा तपासणे ही पायरी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: बायकांचा त्रास खरा होता आणि कित्येकींनी शस्त्रक्रिया स्वतःहून मागितली. त्रास खराच होता. पण पांढरे जाणे अनेकदा जंतुसंसर्गाचे असते आणि औषधाने बरे होते. पाळीच्या दिवसांत खाडा परवडत नाही म्हणून अवयव काढून टाकावासा वाटणे याला मी निवड म्हणू शकत नाही, आणि अंडाशयेही गेली तर ऐन तिशीत हाडे झिजू लागतात. तिसरा आक्षेप उस्मानाबादच्या त्या चाचणीवरच आहे. चौथ्या गटातल्या 31,488 स्त्रियांची तपासणी न करता त्यांचे मृत्यू मोजणे नैतिक होते का, हा प्रश्न पुढे जाहीरपणे विचारला गेला. तो विचारलाच पाहिजे. तपासणीने जीव वाचतात हे जग आधीपासून जाणत होते, म्हणून तुलनेसाठी तपासणीविना ठेवलेला गट मला पटत नाही. पण याच कारणाने त्या 64 मृत्यूंचे ऋण अधिक जड होते. त्यातून जे कळले ते वापरले नाही, तर तो अन्याय दुप्पट होतो.

आणि वापरले गेले नाही. 2016 च्या केंद्रीय आराखड्याने डोळ्यांनी पाहण्याचीच पद्धत स्वीकारली. मुंबईतल्या एका चाचणीत तिने मृत्यू कमी केले होते आणि ती स्वस्त होती, एवढे तिच्या बाजूने मान्य करावे लागेल. पण तीही पोचली नाही: 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 30 ते 49 वयाच्या स्त्रियांपैकी जेमतेम 1.9 टक्के जणींची कधी तरी तपासणी झालेली आढळली. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने डीएनए चाचणीलाच पहिली पसंती दिली. एचपीव्हीच्या लसीचीही गोष्ट बार्शीला वळसा घालून जात नाही. एकच डोस पुरतो हे दाखवणाऱ्या भारतीय अभ्यासात बार्शी हे एक केंद्र होते. पण लस आजच्या मुलींसाठी आहे. त्यांच्या आया आज चाळिशीत आहेत आणि त्यांना तपासणीच हवी.

बीडमध्ये आता पिशवी काढण्यापूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागते. बंधन आवश्यक होते, पण परवानगीचा कागद बाईच्या मनातली भीती घालवत नाही. क्षयरोगासाठी वापरात असलेल्या, गोव्यात बनणाऱ्या ट्रूनॅट यंत्रावर एचपीव्हीचीही चाचणी होते. नमुना बाई स्वतः घेऊ शकते, त्यासाठी टेबलावर झोपावे लागत नाही. दसऱ्यानंतर कोयते निघण्यापूर्वी जिल्ह्यातली कुटुंबे गावीच असतात, आशाताई त्यांना नावानिशी ओळखतात. ज्या दहातल्या एकीत विषाणू सापडेल, तिचा पुढचा उपचार मात्र त्याच महिन्यांत, हंगामापूर्वी, उचलीचे ओझे न वाढवता व्हायला हवा. ती एकदा साखर कारखान्याच्या वाटेला लागली की सहा महिने तिला गाठणे कोणालाच जमत नाही.