शोध-सर्व्हरच्या क्लस्टरशी क्लायंटची जोडणी : बीड जिल्ह्यातील ग्रंथसूचीच्या संदर्भात

प्रस्तावना :
अंबाजोगाई ही मुकुंदराज व दासोपंत यांची भूमी. समजा, बीड जिल्ह्यातील एखाद्या महाविद्यालयाने आपली ग्रंथसूची इलॅस्टिकसर्च या शोध-सर्व्हरवर ठेवली आहे. अभ्यासकाने 'दासोपंत' हा शब्द शोधला असता पडद्यावर 'नोंद नाही' असे उत्तर आले. नोंद खरोखरच नाही, की सर्व्हरशी जोडणीच झालेली नाही? हा भेद न कळल्यास, हाताशी असलेले साधन अस्तित्वातच नाही असे समजून संशोधन पुढे जाते. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने जोडणीचा विचार केला आहे.

विषय-विवेचन :
ल्युसिनवर आधारित इलॅस्टिकसर्च २०१० मध्ये प्रथम उपलब्ध झाले. त्यात अनेक संगणक, म्हणजेच नोड, मिळून एक क्लस्टर बनतो. सूचीचे तुकडे (शार्ड) व त्यांच्या प्रती या नोडांवर विभागलेल्या असतात. तीनपैकी एक नोड बंद पडला तरी उरलेले दोन काम चालवू शकतात. परंतु क्लायंटला त्या बंद नोडचाच पत्ता दिलेला असेल, तर या व्यवस्थेचा उपयोग शून्य! म्हणून तिन्ही पत्ते द्यावेत. हे तीन नोड बीड, परळी व अंबाजोगाई येथे विभागून ठेवण्याचा मोह मात्र टाळावा. त्यांच्यातील देवाणघेवाण अखंड चालते व मंद किंवा तुटक जोडणी तिला मानवत नाही.

क्लायंट सामान्यतः ९२०० या पोर्टवर एचटीटीपीद्वारे बोलतो. ९३०० हा नोडांच्या आपसातील संवादासाठी असतो. जुना जावा ट्रान्सपोर्ट क्लायंट ९३०० वापरीत असे व क्लस्टरचे नाव जुळण्याची अपेक्षा धरीत असे. २०२२ च्या आठव्या आवृत्तीत तो काढून टाकण्यात आला. त्यावर आधारलेले जुने प्रोग्रॅम तेथे चालत नाहीत. याच आवृत्तीपासून सुरक्षा मुळातच चालू असल्याने क्लायंटला पासवर्ड व विश्वासार्ह प्रमाणपत्र द्यावे लागते.

सर्वांत फसवी स्थिती अर्धवट उत्तराची. काही शार्ड निकामी असले तरी सर्व्हर उरलेल्यांतून मिळालेल्या नोंदी यशस्वी उत्तर म्हणून पाठवू शकतो. निकामी शार्डांची संख्या त्याच उत्तरात दिलेली असते. क्लायंटने ती तपासून 'शोध अपूर्ण' असे वाचकास स्पष्ट सांगितले पाहिजे.

जोडणी निर्दोष असूनही नोंद हुकू शकते. निजामी राजवटीतील कागदपत्रांत अंबाजोगाई 'मोमिनाबाद' म्हणून आढळते. ही दोन नावे एकच आहेत, हे सर्व्हरवरील समानार्थी शब्दांच्या यादीत नोंदवावे लागते.