पाण्याची पंगत

एकत्र कुटुंबांत भाताचें आधण ठेवण्यापूर्वीं स्वयंपाकघरांतून एकच प्रश्न विचारला जातो : "आज पानें किती?" कोण किती मिळवितो, शेताचा कागद कोणाच्या नांवावर आहे, याची चौकशी तेथें कोणी करीत नाहीं. घरांत जितकीं माणसें तितकीं पानें. आणि कोठींत जेवढें धान्य आहे तेवढ्यांतच नवें पीक येईपर्यंत भागवावयाचें. उंबरठ्याबाहेर मात्र पाण्याच्या बाबतींत आपण हें शहाणपण पार विसरून जातों. पुढील काळांत हें विस्मरण आपणांस परवडणार नाहीं, असें आम्हांस वाटतें. आणि तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

पाऊस लहरी झाला, ही तक्रार आपल्या पणज्याहि करीत असत. परंतु अलीकडची लहर निराळी आहे. हवा व समुद्र तापत चालल्यामुळें हवेंत बाष्प अधिक मावतें आणि तें एकदम ओतलें जातें. मध्य भारतांत विस्तृत प्रदेशावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीचे प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिपटीनें वाढले, असें हवामानशास्त्रज्ञांस आढळून आलें आहे. पावसाची एकूण बेरीज मात्र वाढलेली नाहीं. म्हणजे तेंच पाणी, पण कमी दिवसांत, आणि मध्यें कोरडे खंड. २००५ च्या २६ जुलैस मुंबईंत सांताक्रूझ येथें चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०२१ च्या जुलैंत महाबळेश्वरास एका दिवसांत ५९४ मिलिमीटर कोसळला आणि चिपळूण बुडालें. याच्या उलट, २०१६ च्या एप्रिलांत लातूरची तहान भागविण्यासाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी न्यावें लागलें. पहिल्या गाडीच्या दहा वाघिणींत सुमारें पांच लक्ष लिटर पाणी होतें. कृष्णाकांठचें पाणी रुळांवरून मराठवाड्यांत गेलें. आणि तीनच वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टांत, तीच कृष्णा सांगलीकरांच्या घरांत शिरली.

यावर सहज सुचणारें उत्तर म्हणजे धरणें बांधा, तळीं खोदा. तें खोटें नव्हे, पण अपुरें आहे. मोठ्या धरणांची संख्या भारतांत सर्वांत अधिक महाराष्ट्रांतच आहे, तरी टँकरची वाट पाहणारीं गांवें येथें आहेतच. कोठी मोठी केली म्हणून वाढणें न्यायाचें होतें असें नाहीं. जेथें पाट आला तेथें ऊंस आला, आणि थोड्याशा जमिनीवर उभें असलेलें हें पीक सिंचनाच्या पाण्याचा फार मोठा वांटा पिऊन टाकतें. जमिनीखालच्या पाण्याची गोष्ट तर याहून बिकट. ठराविक प्रवाहानें न वाहणारें आपल्या जमिनीखालचें पाणी हवें तितकें उपसण्याचा जमीनमालकाचा हक्क १८८२ च्या सुविधाधिकार कायद्यानें मानला. शेजाऱ्याची विहीर आटली तरी त्यास दाद नाहीं. ज्याची बोअर खोल, त्याचें पाणी. राज्याच्या २००९ च्या भूजल कायद्यानें यास आवर घालण्याची तरतूद केली खरी, परंतु कागदावरचा आवर शेतापर्यंत पोंचणें ही निराळी गोष्ट आहे.

या प्रश्नास वेगळें उत्तर देणारे एक गृहस्थ पुण्यांतच होऊन गेले. विलासराव साळुंखे हे अभियंते व कारखानदार. १९७२ च्या दुष्काळांत पुरंदर तालुक्यांतील शेतकऱ्यांची दैना पाहून, दुष्काळी कामांपेक्षां पाण्याचीच कायमची व्यवस्था पाहिजे, असें त्यांच्या मनानें घेतलें. नायगांव येथें देवस्थानची चाळीस एकर जमीन करारानें घेऊन त्यांनीं प्रथम स्वतः प्रयोग केला, ग्राम गौरव प्रतिष्ठान स्थापिलें, आणि त्यांतून पाणी पंचायत उभी राहिली. तिचे नियम थोडे, पण कडक होते. पाणी जमिनीच्या मापानें नव्हे, माणसांच्या मापानें मिळावयाचें : दर माणशीं अर्धा एकर भिजेल इतकें, आणि एका कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाहीं. वीस एकरांचा धनी असो वा तीन एकरांचा, नियम एकच. ऊंस लावावयाचा नाहीं. भूमिहीनासहि पाण्यांत वांटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जावयाचा नाहीं. खर्चाचा सुमारें एक पंचमांश भाग लाभ घेणाऱ्यांनींच घालावयाचा. पानें मोजून वाढण्याचें जें तत्त्व आपल्या घरोघर चालतें, तेंच या गृहस्थांनीं शेताच्या बांधावर नेलें.

साळुंखे २००२ सालीं वारले. त्यांच्या सर्वच योजना टिकल्या नाहींत, आणि त्यांचें तत्त्व सरकारनें सर्वत्र लागू केलें असेंहि नाहीं. पाण्याचा हक्क जमिनीपासून सोडविणें म्हणजे बागाइतदाराच्या हातची सत्ता सोडविणें होय. तें सहजासहजीं कोण होऊं देईल?

तरी तें अशक्य नाहीं, हें हिवरे बाजारनें दाखविलें आहे. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यांतील हें कमी पावसाचें गांव. १९९० च्या सुमारास सरपंच झालेले पोपटराव पवार व गांवकरी यांनीं डोंगरउतारावर चर खणले, झाडें राखलीं, आणि शेतीसाठीं बोअर घेण्यास व ऊंस लावण्यास गांवानेंच बंदी केली. पण आम्हांस सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो तेथील पाण्याचा ताळेबंद. पावसाळा सरला कीं पडलेला पाऊस व विहिरींची पातळी पाहून हिशेब मांडावयाचा; प्रथम माणसांचें पिण्याचें पाणी, मग गुरांचें, आणि उरेल त्यावर रब्बीचीं पिकें ठरवावयाचीं. पाऊस कमी झाला तर पीकहि कमी पाण्याचें. पावसावर आपली सत्ता चालत नाहीं, पण खर्चावर चालते, हें ज्यानें ओळखलें त्यास बदलत्या हवामानाची अर्धी भीति उरत नाहीं.

ही रीत आपल्या मातींत नवी नाहीं. खानदेशांत पांझरा नदीच्या बंधाऱ्यांवर फडपद्धति कित्येक शतकें चालत आली. एका फडांत एकच पीक, पाणी देण्याचें काम पाटकऱ्याचें, आणि नदींत पाणी कमी त्या वर्षीं भिजवावयाचे फडहि कमी. टंचाई आल्यावर भांडावयाचें नाहीं. ती येण्यापूर्वींच ठरवून ठेवावयाचें, हें त्या पद्धतीचें सार.

आतां प्रश्न केवळ एका गांवाचा राहिलेला नाहीं. गोदावरीच्या खोऱ्यांत वरच्या अंगास नाशिक व नगरचीं धरणें, खालीं पैठणचें जायकवाडी. जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या २००५ च्या कायद्यानें सांगितलें कीं टंचाईच्या सालीं खोऱ्यांतील सर्व धरणांत पाण्याचें प्रमाण शक्यतों सारखें असावें. तरीहि पाणी खालीं सोडावयाचें म्हटलें कीं कोर्टकज्जे आणि आंदोलनें उभीं राहतात. आणि शहरांतील आपण तरी कोठें निर्दोष आहों? पुण्याचा नळ खडकवासल्याच्या पाण्यावर चालतो. त्याच पाण्याकडे दौंड-इंदापूरचा शेतकरी डोळे लावून बसलेला असतो. मुंबईस पाणी देणाऱ्या शहापूर तालुक्यांतील पाड्यांवर उन्हाळ्यांत बायका हंडे घेऊन मैलोगणती चालतात.

येथें आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें. आपल्या पंगतींतहि एक अन्याय होताच : रांधणारी सून शेवटीं जेवी, आणि उरेल तें तिच्या पानांत पडे. पाण्याचें आजहि तसेंच आहे. घागर बाईच्या डोक्यावर. पण वांटपाच्या बैठकींत तिचा शब्द क्वचितच विचारला जातो. नवी पंगत मांडावयाची तर हा दोष घेऊन मांडूं नये.

मग आपल्यासारख्या कुटुंबांनीं काय करावें? नळ बंद ठेवणें, धुण्याचें पाणी बागेस घालणें, गच्चीवरचें पाणी मुरविणें, हें तर करावेंच. परंतु त्याहून मोठें काम माहितीचें आहे. आपल्या घरीं येणारें पाणी कोणत्या धरणांतून येतें, त्या धरणाच्या पायथ्याचें गांव काय पितें, आणि टंचाईच्या सालीं कोणाचें पाणी आधीं तोडलें जातें, हें घरांतील मोठ्यांनीं मुलांबरोबर बसून शोधून काढावें. मतें मागावयास येणाऱ्या उमेदवारास "धरण केव्हां बांधणार?" एवढेंच न विचारतां "त्यांतलें पाणी कोणास किती वाढणार?" हेंहि विचारावें. ज्या घरांत पानें मोजल्याशिवाय आधण चढत नाहीं, त्या घरास हा प्रश्न विचारण्याचा अधिकार निश्चित आहे; उत्तर ऐकल्यावर आपल्या पानांतलें थोडें कमी करण्याची तयारी मात्र हवी.