दाबलेल्या हवेचे दोन हौद

1893 साली शिकागो शहरात जो जगड्व्याळ मेळा भरला, आणि ज्याच्या अनुषंगाने झालेल्या सर्वधर्मपरिषदेतील स्वामी विवेकानंदांच्या भाषणामुळे ज्याची आठवण आपल्याकडे अजून निघते, त्या मेळ्यातील ललितकलांचा प्रासाद पुढे पाडला गेला नाही. त्यात फील्ड म्युझियम हे निसर्गेतिहासाचे वस्तुसंग्रहालय थाटण्यात आले. इमारतीचा गाभा विटांचा असला तरी बाहेरचा सारा डौल प्लॅस्टर आणि ताग यांच्या मिश्रणाचा, म्हणजे एका हंगामापुरता केलेला होता, आणि शिकागोच्या हिमवाऱ्यात त्याचे पापुद्रे सुटू लागले. कार्ल एक्ली हा गृहस्थ त्या संग्रहालयात मृत प्राण्यांची कातडी मातीच्या नमुन्यांवर चढवून त्यांना जिवंतपणाचा आभास देण्याचे काम करीत असे. संचालक फ्रेडरिक स्किफ यांनी भिंतींच्या दुरुस्तीचा प्रश्न त्याच्यापुढे टाकला, आणि या मनुष्याने 1907 च्या सुमारास हवेच्या दाबाने सिमेंट मारणारे यंत्र सिद्ध केले. अमेरिकेतील श्रीमंतांच्या परसांत आज निळ्या पाण्याचे जे तलाव दिसतात, त्यांतील पुष्कळांची वंशावळ अशी एका पेंढा भरणाऱ्याच्या कर्मशाळेपर्यंत जाऊन पोहोचते.

यंत्राची घडण साधी, पण युक्तीची आहे. एकावर एक अशा दोन हवाबंद कोठ्या. वरचीत वाळू आणि सिमेंट यांचे कोरडे मिश्रण भरावयाचे, मग तिचे तोंड बंद करून तिच्यात दाब चढवावयाचा आणि माल खालच्या कोठीत उतरवावयाचा, म्हणजे खालच्या कोठीतील दाब न मोडता काम अखंड चालते. तळाशी फिरणारे चक्र तो माल मापाने नळीत सोडते, हवा त्याला पुढे रेटते, आणि नळीच्या अगदी टोकाशी, नॉझलमध्ये, दुसऱ्या नळीने आलेले पाणी त्याला प्रथमच भेटते. पाणी इतके उशिरा आणि इतके थोडे मिळत असल्यामुळे, आणि प्रत्येक कण वेगाने येऊन आधीच्या थराला ठोकीत असल्यामुळे, जो थर बसतो तो घट्ट असतो व त्याला फळ्यांचा साचा लागत नाही. 1910 च्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सिमेंट प्रदर्शनात हे यंत्र लोकांपुढे आले, 1911 साली त्याचे पेटंट मिळाले, आणि पेनसिल्व्हेनियातील ॲलनटाउन येथील सिमेंट गन कंपनीने त्याच्या मालाला ‘गनाइट’ हे व्यापारी नाव दिले. एक्लीचा जीव मात्र यंत्रात नव्हता. तो आफ्रिकेच्या रानांत रमला आणि 1926 साली बेल्जियन काँगोतील पर्वतराजीत वारला.

या साऱ्या कामाची मदार नळी धरणाऱ्या कारागिरावर असते, हे घर बांधणाराला सहसा कोणी सांगत नाही. पाण्याची कळ त्याच्याच हाती. थोडे कमी झाले तर माल कोरडा उडतो, थोडे अधिक झाले तर भिंतीवरून ओघळतो. काही वाळू आदळून परत उसळते आणि कोपऱ्यांत साचते. ती उपसून टाकण्याऐवजी तिच्यावरच नवा थर मारला, तर भिंतीच्या पोटात भुसभुशीत कप्पे राहतात, आणि सळ्यांच्या मागची जागा नीट कोन साधून भरली नाही, तर तेथे पोकळी राहून पुढेमागे सळी गंजते. वरून गिलावा झाला की यातले काहीच दिसत नाही. मुकादमाची नजर आणि कारागिराची नियत यांखेरीज त्या घटकेला दुसरी तपासणी नसते.

परंतु याच पद्धतीने तलावाला आकाराचे स्वातंत्र्य दिले. काँक्रीट ओतावयाचे तर फळ्या सरळ रेषेच्या, म्हणून हौदही चौकोनी. गनाइटला मात्र सळ्यांची जाळी वाकवता आली की पुरे. कॅलिफोर्नियात सोनोमा येथे उद्यानरचनाकार थॉमस चर्च याने 1948 साली डॉनेल कुटुंबाच्या उद्यानात रचलेला वळणदार तलाव हा त्या स्वातंत्र्याचा प्रसिद्ध नमुना होय. त्याच्या अनुकरणाने मूत्रपिंडाच्या आकाराचे हौद उपनगरांत सर्वत्र पसरले, त्यांतले बरेचसे, खरे बोलावयाचे तर, रसशून्य. पुढे 1976 आणि 1977 च्या अवर्षणात कॅलिफोर्नियातील अनेक तलाव कोरडे पडले, तेव्हा सांता मोनिका आणि व्हेनिस भागांतील मुलांनी, मालकाची परवानगी न घेता कुंपणे ओलांडून, त्या गुळगुळीत उतरत्या भिंतींवर आपले स्केटबोर्ड चढविले, आणि उभ्या भिंतीवरची ती कसरत एक स्वतंत्र क्रीडा होऊन बसली. चौकोनी हौदात हे घडले नसते.

गनाइटच्या अंगावर पांढरे सिमेंट आणि संगमरवराची भुकटी यांचा गिलावा देतात. तो खरबरीत असल्याने शेवाळ त्याला धरते, आणि चुन्याच्या गुणामुळे पाण्याचा अल्कधर्म वाढत राहतो, म्हणून मालकाला वरचेवर आम्ल घालावे लागते. दहापंधरा वर्षांनी गिलावा नव्याने करावा लागतो, हा खर्च मूळ करारनाम्यात कोठेच नसतो.

दुसऱ्या, म्हणजे फायबरग्लासच्या, हौदाचा जन्मही दाबलेल्या हवेनेच झाला, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. 1932 साली ओहायोतील ओवेन्स-इलिनॉय कंपनीचा डेल क्लाइस्ट हा तरुण संशोधक काचेचे दोन ठोकळे एकमेकांस हवाबंद जोडण्याची खटपट करीत असता, हवेचा जोरदार झोत वितळलेल्या काचेवर गेला आणि काचेचे बारीक तंतू उडाले. त्या तंतूंना पुढे पोलिएस्टर राळेची जोड मिळाली, तेच हे फायबरग्लास. त्यातून नावा झाल्या, 1953 साली शेव्हरोलेच्या कॉर्व्हेट मोटारीचे अंग झाले, आणि त्याच दशकात पोहण्याचे हौदही होऊ लागले. ते करण्याची रीत उलटी आहे: पालथ्या साच्यावर प्रथम जेलकोट, म्हणजे जो पुढे पाण्याला लागणार तो चकचकीत थर, मग पाणी झिरपू न देणाऱ्या राळेचा थर, आणि त्यावर हवेच्या बंदुकीतून राळेबरोबर उडविलेले काचेच्या दोऱ्यांचे तुकडे, जे रुळाने दाबून त्यातील बुडबुडे काढावे लागतात. म्हणजे फवारणी दोहींकडे आहेच. भेद इतकाच की एकीकडे ती आपल्या परसातल्या खड्ड्यात, ऊनपावसात होते, आणि दुसरीकडे कारखान्याच्या छपराखाली, जेथे सदोष माल नाकारून परत करता येतो. गनाइट की फायबरग्लास हा प्रश्न लोक द्रव्याचा म्हणून विचारतात. माझ्या मते तो, चूक कोठे व्हावी आणि ती कोणाला दिसावी, एवढाच आहे.

कारखान्याच्या या सोयीची किंमत रस्ता वसूल करतो. हौद अखंड एका तुकड्यात ट्रकवरून यावयाचा, म्हणून त्याची रुंदी साधारण 16 फुटांपलीकडे जात नाही. त्याहून रुंद बोजाला महामार्गावर परवाने मिळणे दुरापास्त होते. आकार निवडावयाचा तो कारखानदाराच्या यादीतून. उलट, क्रेनने एकदा खड्ड्यात उतरविला आणि भोवती खडी भरली की काम काही आठवड्यांत संपते, तर गनाइटला खोदाईपासून पाणी भरेपर्यंत तीन ते सहा महिने सहज लागतात. फायबरग्लासचा पृष्ठभाग नितळ असल्याने शेवाळ कमी, आम्ल कमी, गिलाव्याचा प्रश्नच नाही. मात्र राळेत दोष राहिला तर काही वर्षांनी अंगावर फोड येतात. हे अंग हलके असते, आणि तेच त्याचे वैगुण्य: भूजल वर आले असता कोणी अविचाराने तलाव उपसला, तर तो रिकाम्या घागरीसारखा वर उचलला जातो. तसा गनाइटचा जड हौदही अशा वेळी उचलला गेल्याचे आढळते, म्हणून तळाशी भूजलाला वाट देणारी झडप दोहोंतही हवी.

जमीन फुगणारी आणि आकसणारी असेल, तर लवचीक फायबरग्लास थोडे वाकून सावरतो, जेथे ताठ काँक्रीटला तडा जातो. आपल्या दख्खनची काळी जमीन याच जातीची आहे, हे शेतकऱ्याला उन्हाळ्यातील भेगांवरून ठाऊकच आहे. तरीही आपल्याकडील बंगल्यांचे हौद बहुधा ओतीव काँक्रीटचे आणि वर टाइल्स बसविलेले असतात; गनायटिंग आपण ओळखतो ते गळक्या धरणांच्या आणि मुंबईतील जुन्या इमारतींच्या दुरुस्तीच्या निविदांमधून. लोणावळा, अलिबाग यांसारख्या ठिकाणी ज्याला परसात तलाव हवा आहे आणि आकाराचा हट्ट नाही, त्याला मी फायबरग्लासच सुचवीन, पण आधी फाटकाची रुंदी, वरच्या विजेच्या तारा आणि क्रेन उभी करण्याची जागा मोजून घेण्याच्या अटीवर. उतार खडकाळ असेल, वाट अरुंद असेल, किंवा मनातला आकार कोणत्याच यादीत नसेल, तर गनाइटची नळी शेजारच्या बोळातूनही आत येते, आणि ती धरणाऱ्या कारागिराने यापूर्वी कोणाचे हौद मारले आहेत, ते करारनाम्यावर सही करण्याअगोदर जाऊन पाहून यावे.