पदकानंतरचा भाग

पिंपरी-चिंचवडहून हॅरिस पूल ओलांडला की खडकीचा लष्करी परिसर लागतो. मणक्याला इजा झालेल्या जवानांचे पुनर्वसन केंद्र तिथे आहे. दिव्यांगत्व आलेल्या जवानांना हुन्नर शिकवणारी, 1917 मध्ये स्थापन झालेली क्वीन मेरी संस्थाही तिथेच आहे. लढाईतून परतलेल्या माणसाचे पुढे काय होते, या प्रश्नाशी या पट्ट्याचा संबंध इतका जुना आहे. 1965 च्या युद्धात मणक्यात गोळी अडकलेले मुरलीकांत पेटकर 1972 मध्ये हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकले आणि पुण्यात टेल्कोत नोकरीला लागले. एका जवानाच्या आयुष्यात रणांगण, रुग्णालय, जलतरण तलाव आणि कारखाना एवढे सगळे सामावले होते. तरी ते पडद्यावर यायला 2024 चा ‘चंदू चॅम्पियन’ उजाडावा लागला.

दूरदर्शनने सैनिक दाखवला नाही असे नाही. चेतन आनंद यांच्या ‘परमवीर चक्र’ने 1988 मध्ये शौर्यकथा घरोघरी नेल्या, तर पुढच्याच वर्षी ‘फौजी’ने प्रशिक्षणातल्या तरुणांची मैत्री आणि शिस्त रंगवली. पण एका मालिकेचा भर सैनिक घडण्यावर होता, दुसरीचा पराक्रमाच्या क्षणावर. परमवीर चक्राच्या 21 मानकऱ्यांपैकी 14 जणांना ते मरणोत्तर मिळाले आहे. त्यामुळे विषय निवडतानाच कथेचा शेवट बहुधा ठरून जातो. या मानकऱ्यांपैकीच, खडकीच्याच बॉम्बे सॅपर्सचे रामा राघोबा राणे 1948 मध्ये नौशेरा आघाडीवर जखमी होऊनही सुरुंग काढत राहिले आणि त्यानंतर 46 वर्षे जगले. मात्र पराक्रमापाशी संपणाऱ्या कथेत अशा वर्षांना जागा उरत नाही.

सरकारी वाहिनीकडून वेगळी अपेक्षा कशी करायची, असे कुणी म्हणेल. पण त्याच वाहिनीने 1988 मध्येच गोविंद निहलानींची ‘तमस’ दाखवली. फाळणीचे घाव उघडे करणाऱ्या या मालिकेविरुद्धची याचिका सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. म्हणजे सामान्य माणसाची मोडतोड दाखवण्याइतके धैर्य तिथे होते. सैनिकाच्या वाट्याला ते आले नाही. दुसरा आक्षेप असा की, आघातोत्तर ताणाचे निदान 1980 पूर्वी वैद्यकीय पुस्तकांत नव्हतेच. पण नाटककाराला निदानाची वाट पाहावी लागत नाही. शिवाय ‘परमवीर चक्र’ आणि ‘फौजी’ या दोन्ही मालिका त्यानंतरच्याच. अमेरिकेत ‘मॅश’ या मालिकेने 1983 च्या शेवटच्या भागात आपल्या लाडक्या, विनोदी सर्जनलाच मनोरुग्णालयात दाखवले. तो भाग तिथे विक्रमी संख्येने पाहिला गेला.

अशा चित्रणाने मनोबल खचेल, ही भीती अधिक गंभीर आहे. पण सैनिक कधी मोडतच नाही असे पडद्याने वर्षानुवर्षे सांगितले, तर निवृत्तीनंतर रात्रीची झोप उडालेला जवान मदत मागण्याआधी स्वतःलाच कमकुवत ठरवतो. जुन्या मालिकांना दोष देऊन हे बदलणार नाही. नव्या लेखकांनी पदक मिळाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पहिला भाग लिहावा. त्यासाठी लागणारा मजकूर खडकीपासून पिंपरीपर्यंत विखुरलेला आहे.